वरच्या तारेचा आवाज

आमच्या घरात आवाजाच्या बाबतीत दादाचा शब्द शेवटचा. नळ कुरकुरला तर वॉशर गेलं की आटा झिजला, हे तो जागचा न उठता सांगायचा. फोडणीत मोहरी पुरती तडतडली की नाही, हेही आई त्यालाच विचारायची. तो रेल्वेत होता; बडनेऱ्याच्या शेडमध्ये म्हणे इंजिन आत शिरतानाच हा सांगत असे, डाव्या बाजूचं बेअरिंग तापलंय. खरं-खोटं देव जाणे, पण आम्ही डोळे मिटून मानत होतो. आमची पहिली चूक तीच.

वडील शाळामास्तर होते. ते गेले तेव्हा दादा नुकताच मॅट्रिक झालेला. कॉलेजचं नाव न काढता तो रेल्वेत लागला आणि फायरमन होऊन इंजिनात कोळसा टाकायला लागला. मी त्याच्याहून सहा वर्षांनी लहान. त्याच्या पगारावर शिकले आणि आमच्या अमरावतीतल्याच एका कन्याशाळेत मास्तरीण झाले. वडिलांनी घरात शुद्ध भाषेचा धाक ठेवला होता. तो दादाने शेडमध्ये पहिल्याच वर्षी टाकून दिला आणि वऱ्हाडी बोलायला लागला. मी शाळेत शुद्ध बोलते, पण चिडले की माझंही सुटतं. आणि मी फार चिडते.

त्याच्या शेडमधला एक ड्रायव्हर पन्नास सालानंतर बायकापोरांसकट विलायतेला निघून गेला. जाताना त्याने सामान विकलं, त्यातली विजेवरची हवाईयन गिटार दादाने घेतली. मांडीवर आडवी ठेवायची, उजव्या हाताने तारा छेडायच्या आणि डाव्या हातातली पोलादी कांडी तारांवरून सरकवायची. तारांच्या खाली पिकप असतो. पिकप म्हणजे काय, तर एक चुंबक आणि त्याच्याभोवती केसाहून बारीक तांब्याच्या तारेचे हजारो फेरे. वरची तार हलली की ते त्या फेऱ्यांना कळतं आणि तिथून आवाज अॅम्प्लिफायरमध्ये जातो. बाकी सगळं लाकूड. गिटारचा गळा म्हणाल तर तो पिकपच.

त्या गिटारचा गळा कसा होता, ते सांगते. सर्वांत बारीक तारेवर कांडी पार वर नेली की आवाज किंचाळायचा नाही. वर जाताजाता बारीक व्हायचा, थोडा थरथरायचा आणि मऊपणे विझायचा. लहान मूल रडून रडून झोपी जाताना शेवटचा हुंदका देतं ना, तसा. आमच्या गल्लीत पेटी होती, तबला होता, दोन घरांत सतारही होती. असा आवाज कुणाकडे नव्हता. दादा संध्याकाळी अंघोळ करून भावगीत वाजवायला बसला की समोरच्या वकिलांकडचे पक्षकारसुद्धा ओट्यावर येऊन उभे राहायचे.

आणि तो ड्युटीवर गेला की ती गिटार माझी. त्यानेच शिकवलं होतं. शाळेतून आले की पदर खोचून मी आधी गिटार मांडीवर घ्यायची, मग चहा. आई म्हणायची, "हिला सासरी नेताना ते लाकूडही न्यावं लागेल." माझ्या आयुष्यात तेव्हा दुसरं काहीच नव्हतं, खरंच नव्हतं.

साठ साल उलटून दोन-तीन वर्षं झाली असतील. एका श्रावणात दादा वाजवता वाजवता थांबला. वरची तार पुन्हा छेडली. अॅम्प्लिफायरची बटणं पिळली. "आवाज बसला," म्हणाला.

"बसला म्हणजे?"

"वरचा आवाज गेला. खालचा आहे, वरचा नाही. पिकप म्हातारा झाला याचा."

मी वाजवून पाहिलं. मला तर होता तसाच वाटला. पण दादा म्हणतोय म्हणजे गेला असणार! मी पुन्हा वाजवलं, आणि शपथेवर सांगते, मलाही तो बसलेला ऐकू यायला लागला. चार दिवसांत तर मी शाळेतल्या बाईंना सांगत फिरत होते, "आमच्या गिटारचा गळा गेला हो."

दादाचं वाजवणं त्या महिन्यात बिघडत गेलं. बसायचा, दोन ओळी वाजवायचा, नाही नाही म्हणत उठायचा. एक दिवस हात धुताना म्हणाला, "भुसावळचा एक गार्ड मागून राहिला गिटार. दसऱ्यापर्यंत तो आवाज वापस आला तं ठीक. नाही तं देऊन टाकतो. मले हे असं ऐकवत नाही."

गिटार जाणार? माझी? पण माझी कुठे होती ती! "मी आणते आवाज," म्हटलं. "कुठून आणायचा ते सांग."

अकोल्याला एक मिस्त्री होता. कापसाच्या जिनिंगमधल्या विजेच्या मोटारी जळल्या की तो त्यांच्या कॉइल नव्याने गुंडाळायचा. तोच धंदा. रेडिओ मात्र तो हौसेखातर दुरुस्त करायचा. दसऱ्यानंतर जिन सुरू झाले की त्याला मान वर करायला फुरसत नसे, म्हणून जे काही करायचं ते त्याआधी. दादाला सुटी मिळेना, मग जाणारी मीच. रविवारी सकाळी शटलने बडनेरा, तिथून पॅसेंजरने अकोला, मांडीवर गिटारची लांब पेटी. बायकांच्या डब्यात दर्यापूरकडची एक बाई पेटीकडे बघून म्हणाली, "काय वं पोरी, शिलाई मशीन नेऊन राहिली का?" मी हो म्हटलं. कोण समजावत बसेल!

मिस्त्रीच्या दुकानात व्हार्निशचा वास इतका, की पहिल्या दिवशी डोकं धरलं. दाराशी मोठाल्या मोटारी उघड्या पडलेल्या, आत एका फळीवर रेडिओ. माणूस पन्नाशीचा, बोटं व्हार्निशने काळपट पिवळी, बोलणं अर्धं हिंदी अर्धं वऱ्हाडी. त्याने पिकप सोडवला, मीटर लावला, काटा बघितला. मग तीन खिळे घेऊन चुंबकाला एकाखाली एक चिकटवले. चौथा लावला, तो पडला.

"ताई, कॉइल तं एकदम जित्ती आहे," तो म्हणाला. "चुंबक थोडा उतरला, तीन खिळे उचलते. पण जुन्या मालाचं तसंच असते. याले काई झालं नाही."

"झालं कसं नाही? वरचा आवाज गेलाय!"

"मीटर तं म्हणते, ठीक आहे."

"तुमच्या मीटरपेक्षा माझ्या भावाचा कान बरा आहे!" मी तडकले. "मीटरला गाणं कळतं का?"

त्याने माझ्याकडे बघितलं, सुपारी कातरली आणि म्हणाला, "बरं. चुंबक चार्ज करून देतो." तेलाच्या इंजिनांत ठिणगी पाडणाऱ्या मॅग्नेटोच्या चुंबकांसाठी त्याच्याकडे यंत्र होतं, त्यावर धरून चुंबक ताजा केला. आता सात खिळे उचलायला लागला. त्याने दोन्ही आकडे खडूने भिंतीवर लिहिले, तीन आणि सात. मी खुशीत घरी आले.

दादाने वाजवलं. चुंबकाचा जोर इतका, की तारांनाच ओढून धरत होता. सूर गाईसारखा हंबरायला लागला. "नाही," दादा म्हणाला. "तो नाही."

पुढच्या रविवारी पुन्हा अकोला. दादाने निरोप दिला होता, "त्याले म्हण, आणखी फेरे मार. दोन हजार तं मारच." मी तो हुकमासारखा सांगितला. मिस्त्री म्हणाला, "ताई, फेरे वाढले की आवाज मोठा होते, पण जाडा होते." मी म्हटलं, "तुम्ही मारा." बारीक तार त्याने लष्करी भंगारातल्या जुन्या हेडफोनमधून काढली आणि हातड्रिलच्या टोकाला पिकप बसवून फिरवायला लागला. त्याआधी एक गोष्ट केली. जुन्या कॉइलवर आडवा लाल दोरा ठेवला, आणि त्याच्यावरून नवीन तार गुंडाळली.

"हे कशाला?"

"आमच्या धंद्याची रीत आहे. दुसऱ्याचं काम जिथं संपते, तिथं दोरा घालाचा. उद्या कोनाले वापस जाचं असन, तं रस्ता पाहिजे ना." जिनाची मोटार असो की आणखी काही, तो हा दोरा घातल्याशिवाय पुढे जात नसे.

मला तेव्हा त्या रीतीचं काय कौतुक! माझा जीव घड्याळात, गाडी चुकेल म्हणून. घरी येऊन दादाने वाजवलं, तर आवाज घोंगडी पांघरल्यासारखा. "नाही. तो नाही."

अव माय! आता मात्र माझं डोकं फिरायची वेळ आली. शाळेत मुलींवर खेकसायला लागले, पोळ्या करपवायला लागले. रस्त्याने जाताना कुणाच्या रेडिओवर गिटार वाजली की उभी राहून ऐकायची आणि मनात म्हणायची, हा आहे का? हा तर नव्हे? एकदा अशीच उभी असताना मागून सायकलवाल्याने शिव्या घातल्या. भाद्रपद अर्धा सरला होता, आणि भुसावळच्या गार्डाचं आणखी एक पत्र आलं होतं.

मग दादाने मुंबईला जाणाऱ्या एका दोस्ताकरवी नवा कोरा पिकप मागवला. चकचकीत, वर चांदीसारखा पत्रा. तो लावला, आणि दादाचा चेहरा महिन्याभरात पहिल्यांदा उजळला. "हां! हा ऐकू येते!" म्हणत त्याने बटण पार टोकापर्यंत पिळलं आणि वरच्या तारेवर कांडी नेली. काय सांगू! कानात सुई घालावी तसा आवाज. समोरच्या वकिलांनी खिडकी लावली. आईने वातीसाठी ठेवलेल्या कापसाचे बोळे केले आणि कानात घालून देवघरात जाऊन बसली. दादा मात्र वाजवतोय, पुढे झुकून, डोकं अॅम्प्लिफायरच्या जवळ नेऊन.

पंधरा मिनिटांनी तो स्वतःच थांबला. "ऐकू येते," म्हणाला, "पण तो नाही."

आता मला विचारा, एवढं सगळं डोळ्यांसमोर घडून तुला कळलं कसं नाही? नाही कळलं. एक तर कानाबद्दल शंका घ्यायची ती दादाच्या? आणि दुसरं म्हणजे आमच्याकडे बोलणं म्हणजेच ओरडणं. ओट्यावरचा माणूस रस्त्यावरच्याशी बोलतो तेव्हा पुण्याचा पाहुणा समजतो, भांडण जुंपलं. शेडमध्ये तर इंजिनाच्या वर आवाज चढवल्याशिवाय शब्द पोचत नाही. अशा मुलखात एखाद्याला कमी ऐकू यायला लागलं, तर कळणार कसं? सगळेच त्याच्याशी ओरडून बोलत होते, पहिल्यापासून.

दसऱ्याच्या आधीच्या रविवारी मी शेवटची म्हणून गेले. मुंबईचा पिकप काढून टाकला होता, जुना रुमालात गुंडाळून गिटारसोबत नेला. मिस्त्रीला म्हटलं, "काय करायचं ते करा. मला काही सुचत नाही." आणि त्याच्या दुकानात, मोटारींच्या मधोमध, स्टुलावर बसून रडले.

त्याने पाणी दिलं. मग पिकप घेतला आणि नवीन तार उलटी उलगडत गेला, लाल दोरा लागेपर्यंत. दोरा चिमट्याने उचलून बाजूला ठेवला, जुनं टोक पुन्हा जोडलं. मग चुंबक उतरवायला बसला. थोडा उतरवायचा, खिळे लावून बघायचा. सहा, पाच. भिंतीवरचा आकडा बघायचा. चार. शेवटी तीन खिळे राहिले आणि चौथा पडला. मग त्याने पिकप गिटारला बसवला आणि ती फळीवरच्या एका रेडिओला जोडली.

"घ्या ताई. जसा तुमी आनला होता, तसाच्या तसा. आता वाजवा."

मी गिटार मांडीवर घेतली. वरच्या तारेवर कांडी पार टोकाला नेली. आवाज बारीक झाला, थरथरला आणि मऊपणे विझला.

तोच! अगदी तोच! मी मिस्त्रीकडे बघून वेड्यासारखी हसायला लागले. "आला! आवाज आला!"

तो हसला नाही. "ताई," त्याने विचारलं, "भाऊ कोनत्या कामावर आहे?"

"रेल्वेत. इंजिनावर फायरमन."

"किती वर्षं झाले?"

"बारा-तेरा."

त्याने लाल दोरा बोटाला गुंडाळला, सोडला. "म्या पह्यल्या दिवशीच म्हटलं होतं, याले काई झालं नाही. एक काम करा. घरी गेल्यावर त्यांच्या पाठीमागून वाजवा. समोरून नका वाजवू."

अर्थ माझ्या डोक्यात शिरला आणि संताप मस्तकात गेला. "काही बोलता का?" मी ओरडले. "माझ्या दादाच्या कानाले नाव ठेवता? काऊन, तुमाले जमलं नाही म्हणून?" पेटी उचलली आणि तरातरा निघाले. नमस्कारसुद्धा केला नाही. त्याचा मला अजून त्रास होतो.

गाडीत बसले, पण बूड टेकवेना. मूर्तिजापूर येईपर्यंत चारदा उठले, दारापर्यंत गेले, परत आले. काय काय आठवायला लागलं. मोहरीचं आईने अलीकडे विचारलं, तेव्हा तो म्हणाला होता, "तूच पाह्य ना." सायकलची घंटी वाजली तरी तो रस्त्याच्या मधूनच चालत होता. पोस्टमन दारात हाका मारून थकला आणि हा आतल्या खोलीत जागा होता. आणि तो चकचकीत पिकप, आणि "हा ऐकू येते" म्हणाला तेव्हाचा त्याचा चेहरा! मी स्वतःला म्हणत होते, गप बस, काही नाही, घरी गेल्यावर तो ऐकेल आणि हसेल. बडनेऱ्याला उतरल्यावर पेटी हमालाकडे दिली आणि धावत शटल गाठली.

घरी पोचले तेव्हा ऊन कलत होतं. आई देवळात गेलेली. दादा मागच्या अंगणात पायरीवर, माझ्याकडे पाठ करून, ड्युटीच्या बुटांना पॉलिश करत बसला होता. मी आल्याचं त्याला कळलं नव्हतं. मी हाक मारली नाही. मधल्या खोलीत अॅम्प्लिफायर लावला, तो तापायची वाट बघितली, दारातून त्याच्या पाठीकडे बघत राहिले.

मग वरची तार छेडली. टोकाला.

ब्रश चालूच होता.

पुन्हा छेडली. जोरात छेडली. आवाज अंगणात गेला, कुंपणावरची चिमणी उडाली. दादाने बुटाच्या टाचेवर फुंकर मारली आणि दुसरा बूट घेतला. मी छेडतच राहिले, पाच वेळा, सात वेळा, आणि मला समोरचं दिसेनासं झालं. शेवटी हात चुकून खालच्या जाड तारेवर पडला.

तो वळला. "आली का तू? मंग वाजव ना! बसली काऊन?"

मी उठून त्याच्यापाशी गेले, पायरीवर बसले. मला वाटलं होतं मी समजुतीने सांगेन. कसलं काय! "दादा, आवाज आला!" मी किंचाळलेच. "कधीचा आलेला आहे! गेलाच नव्हता! तुले ऐकू येत नाही! म्या इतका वेळ वाजवून राहिली इथं, तुह्या पाठीमागे!"

त्याने ब्रश खाली ठेवला. झाकण शोधून पॉलिशच्या डबीला लावलं, नीट दाबून.

"माहीत आहे मले," म्हणाला.

"कधीपासून?"

"वरस झालं. पह्यले शिटीचा आवाज बारीक लागे. मंग पाखरं बंद झाली."

"मग मला अकोल्याला कशाला पाठवत होतास? कशाला तो मिस्त्री, कशाला फेरे, कशाला मुंबईचा पिकप?" मी त्याच्या दंडावर बुक्क्या मारत होते. वयाच्या पंचविशीत, मास्तरीण असून.

त्याने मारू दिलं. मग म्हणाला, "पिकप बदलता येते वं. म्हणून त्यालेच दोष देऊन राहिलो होतो." डबी पायरीच्या कडेला सरकवली. "आन मले खरंच वाटे, एकादा तरी असा भेटन, ज्याचा आवाज मले येईन."

मी हात खाली घेतला. माझी सगळी चिडचिड कुठल्या कुठे गेली. पुढे त्याने स्वतः जाऊन डॉक्टरला कान दाखवले, इंजिनावरून उतरला, शेडच्या भांडारात कामाला लागला. भुसावळच्या गार्डाला नाही म्हणून कळवलं. मी अकोल्याला जाऊन मिस्त्रीची माफी मागितली. त्याने तो लाल दोरा मला दिला, तो अजून गिटारच्या पेटीत आहे. पण हे सगळं नंतरचं.

त्या संध्याकाळी त्याने आधी दोन्ही बूट भिंतीशी नीट लावून ठेवले. मग तो उठला, मधल्या खोलीत गेला आणि माझ्यासमोर, मला दिसेल असा, अॅम्प्लिफायरच्या बाजूला मांडी घालून बसला. "वाजव," म्हणाला. "वरचीच."

मी वाजवली. तो माझ्या हाताकडे बघत होता, कांडी कुठवर जाते ते. मी थांबल्यावर त्याने विचारलं, "कसा आहे? सांग मले."

मला काही नीट सांगता आलं नाही. म्हटलं, वर जाताना बारीक होतोय. किंचाळत नाही. टोकाला जरा थरथरतो. मग एकदम बंद नाही होत, दादा, हळूहळू विझतो, तू वाजवायचास तेव्हा विझायचा तसाच.

त्याने डोळे मिटून सगळं ऐकून घेतलं. महिनाभर प्रत्येक पिकपला नाही म्हणणारा माझा भाऊ, त्याने मान हलवली.

"हां," तो म्हणाला. "मंग तोच आहे."